सुपारी दिली की गाणं जगतं

लोकसंगीत वाचवायचं म्हटलं की आपल्याकडे आधी परिसंवाद भरतो, मग ठराव होतो आणि शेवटी जेवण. तोवर तिकडे एखाद्या गावची यात्रा कमिटी वर्गणीच्या पावत्या फाडून, तमाशाला इसार देऊन मोकळी झालेली असते. गाणं खरं कोण वाचवतं, याचा हा चटपटीत हिशेब.

राहुट्यांचा बाजार

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावाला तमाशापंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या पडतात. बाहेर फडाचा बोर्ड, आत मॅनेजर आणि समोर टोप्या-फेटेवाली गावकरी मंडळी. घासाघीस अशी चालते की कांद्याचा लिलाव बरा. यात्रा तिथीवर ठरतात, त्यामुळे चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी अशा दिवशी एकाच रात्री कितीतरी गावांना तमाशा हवा असतो. फड मोजके, म्हणून भाव चढतो. कुठल्याही अनुदानाशिवाय चालणारी ही बहुधा राज्यातली सर्वांत जुन्या धाटणीची बुकिंग खिडकी!

रात्रभर खेळ झाला म्हणजे सुटलो, असंही नाही. सकाळी 'हजेरी' असते. म्हणजे त्याच गावात, भर उन्हात, पुन्हा ढोलकी. दुपारी कुस्त्यांचा आखाडा रंगतो तेव्हा फडाचं सामान ट्रकमध्ये चढत असतं. झोप? तीही ट्रकमध्येच.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या याच मातीतल्या. खेळ चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, कनातीमागे त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. वास्तविक ती ऐकून लाज वाटायला हवी. राज्य सरकार आता तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला त्यांच्याच नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

२०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन चैत्र यात्रांविना गेले. ध्वनिमुद्रणं शाबूत होती, मोबाइलवर लावण्या वाजतच होत्या. फडमालक मात्र कर्जात बुडाले. गाणं कशावर जगतं, ते त्या दोन वर्षांनी स्वच्छ दाखवलं.

संहिता नाही, तरी नाटक उभं

तळकोकणात दशावताराचा खेळ पालखी देवळाभोवती फिरून आली की मध्यरात्रीच्या आसपास सुरू होतो. छापील संहिता नसते. कुठलं आख्यान करायचं ते ठरतं, कथा सगळ्यांना तोंडपाठ असते आणि संवाद जागच्या जागी फुटतात. पायपेटी, मृदंग आणि झांज नटाच्या तोंडाकडे बघत वाजतात, कारण पुढचं वाक्य काय येणार, हे त्यांनाही ठाऊक नसतं. बायकांची कामं पुरुष करतात, रंगभूषा ज्याची तो करतो. पहाटे दहीकाला झाला की खेळ संपतो. मग पेटारा उचलायचा. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण या लोकांनी स्वतःवरच केली आहे. पेटाऱ्याच्या जागी आज टेम्पो आला, पण अमुक देवळाची जत्रा अमुक कंपनीचीच, हा मान अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. पिढीजात तारीख असलेला नट सहसा बेकार होत नाही.

घोरपड वाचली, घुमटही वाचलं

गोव्यात गणेश चतुर्थीच्या आरतीला घुमट हवंच. मातीचं मडकं, दोन्हीकडे तोंडं, मोठ्या तोंडावर चामडं. हे चामडं पूर्वी घोरपडीचं असे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, घोरपड संरक्षित झाली आणि वाद्य अडचणीत आलं. मग कारागिरांनी बकऱ्याचं कातडं लावायला घेतलं. जुने वादक आवाजाबद्दल नाक मुरडतात, पण वाद्य वाजतं आहे. २०१९मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. शामेळ आणि कांसाळ्यांच्या जोडीनं घराघरांत आरत्या होतात, गावोगावी घुमट आरतीच्या स्पर्धा होतात. शिवाय ख्रिस्ती घरांतल्या मांडो गीतांना व्हायोलिनच्या सोबतीला हेच घुमट लागतं. दोन धर्मांची गिऱ्हाइकं असलेलं वाद्य सहजासहजी मरत नाही.

पाठ फिरवायची नाही

डहाणू-जव्हारकडचा तारपा म्हणजे वाळका दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा. तारपकरी मध्ये उभा राहतो आणि सूर तुटू न देता वाजवत राहतो, म्हणजे फुंकर चालू ठेवूनच नाकानं श्वास घ्यायचा. एकदा करून बघा! नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती फेर धरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. त्यानं सूर बदलला की पावलं बदलतात. वारली चित्रांत दिसणारा माणसांचा गोल वेढा तो हाच. आपण तो कुर्त्यावर, चहाच्या कपावर आणि ऑफिसच्या भिंतीवर मिरवतो. प्रत्यक्ष तारपा किती जणांनी ऐकला आहे, हा प्रश्न इथेच सोडून देतो.

बैल थांबले, नाटक नाही

पूर्व विदर्भात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाचे दिवस येतात. दिवसा बैलांची शर्यत आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, ही जुनी जोडी. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावात नाट्य कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावोगावची मंडळं तिथे येऊन नाटक ठरवून जातात. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती काही वर्षं बंद पडल्या. नाटकं मात्र चालूच राहिली, समोर बसून वाजवणाऱ्या वादकांसकट. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ नाट्यरसिकांनी झाडीपट्टी कुठे आली, ते शोधलं.

सवाल-जवाब, परळ मुक्कामी

कोकणातला चाकरमानी मुंबईला आला तो शक्ती-तुरा घेऊन. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच ते सोडवायचं. कोकणातल्याच नमनाला आणि शक्ती-तुऱ्याला परळचं दामोदर नाट्यगृह हक्काचं होतं. १९२२ सालचं हे नाट्यगृह नोव्हेंबर २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. सुपारी देणारे आहेत, गाणारे आहेत, बघणारे तर आहेतच. गेली ती परवडणारी जागा.

गावाकडे वेगळीच पंचाईत. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम योग्यच आहे, डीजेच्या भिंती ऐकल्या की पटतो. पण रात्रीच रंगणाऱ्या कलेनं काय करावं? वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते. त्यातले एक-दोन गावच्या जत्रेला ठेवायला कुणाची हरकत असावी?

जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट उलटी आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकारानं लाखावर ओव्या गोळा झाल्या. मोठंच काम. तरी गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायची वेळच दिवसातून उठली. ज्या गाण्याला प्रसंग उरत नाही ते संग्रहात राहतं, तोंडात राहत नाही.

गोंधळ आणि जागरण अजून तोंडात आहेत, कारण लग्न झाल्यावर कुलाचार चुकवायची अजून पुष्कळांची छाती होत नाही! संबळ, तुणतुणं, दिवटी आणि तुळजापूर-माहूरपासून सगळ्या देवांना बोलावणं. खंडोबाच्या जागरणात वाघ्या शेवटी लोखंडी साखळी, म्हणजे लंगर, तोडतो. हल्ली यजमान घड्याळ दाखवतात, 'अर्ध्या तासात आटपा' म्हणतात. बिदागी मात्र पूर्ण देतो, असं सांगतात. देत असतील.

तर चैत्रात नारायणगाव, थंडीत वडसा किंवा सिंधुदुर्गातली एखादी जत्रा, एवढं एकदा गाठा. तिकीट असेल तर काढा, पास मागू नका. आणि घरात कार्य निघालं तर डीजेच्या आधी गोंधळ्याला फोन करा. सुपारी द्या, ठरलेली रक्कम त्याच रात्री हातात ठेवा आणि त्याला पुरी रात्र गाऊ द्या.