तळाशी उरतं ते डांबर

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावाचा सगळा व्यवहार डांबरी रस्त्यावर अवलंबून असतो. सोयाबीन-तूर बाजार समितीत न्यायची, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवायचं, पोरांना कॉलेजची एसटी गाठायची, तर रस्ता धड हवा. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या घरात जातो, तेव्हा डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो. त्यावरून भरलेला ट्रक गेला तरी खडी जागा सोडत नाही. तिला धरून ठेवणारा काळा पदार्थ त्या मिश्रणात वजनाने जेमतेम ५ टक्के असतो.

हा पदार्थ म्हणजे कच्च्या तेलाचा सर्वांत जड भाग. आपण त्याला निर्जीव माल समजतो, पण त्याच्यात रासायनिक बदल चालूच असतात. ते रिफायनरीत सुरू होतात आणि रस्त्यावर पडल्यावरही थांबत नाहीत. रस्ता किती वर्षं टिकणार, हे बरंचसं त्यांवर ठरतं.

महाराष्ट्रात रिफायनरीचं हे काम मुंबईच्या माहूल परिसरात चालतं. स्टॅनव्हॅकची रिफायनरी इथे १९५४ मध्ये सुरू झाली आणि बर्मा-शेलची १९५५ मध्ये. सत्तरच्या दशकातल्या राष्ट्रीयीकरणानंतर पहिली हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आली, दुसरी भारत पेट्रोलियमकडे. १९७४ मध्ये मुंबई हायचं तेल सापडलं. पण ते हलकं, गंधक कमी आणि मेण जास्त असलेलं. पेट्रोल-डिझेलला उत्तम, डांबराला मात्र गैरसोयीचं. चांगलं डांबर आखाती देशांतल्या जड, गंधकयुक्त तेलातून निघतं.

कच्चं तेल आधी धुऊन त्यातलं मीठ काढतात. मग ते साधारण ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल आपापल्या उत्कलनबिंदूनुसार वर निघून जातात. खाली उरलेलं तेल याहून जास्त तापवलं तर ते उकळण्याआधी फुटू लागतं. म्हणून दुसऱ्या मनोऱ्यातली हवा खेचून दाब कमी करतात, म्हणजे जड तेलही कमी तापमानाला वाफ होतं. त्यातूनही जे वाफ होत नाही, ती तळाची राळ. सामान्य दाबाखाली उकळवायची म्हटली, तर तिला ५४० अंशांहून जास्त तापमान लागेल.

या राळेत रेणूंचे चार गट असतात: संतृप्त, सुगंधी, रेझिन आणि अॅस्फाल्टीन. अॅस्फाल्टीन हे नाव फ्रेंच रसायनज्ञ बुसिंगो यांनी १८३७ मध्ये दिलं. हे रेणू हेप्टेनमध्ये विरघळत नाहीत, टोल्युइनमध्ये विरघळतात; त्यांची ओळखच अशी पटवतात. कार्बनच्या एकमेकींना चिकटलेल्या कड्यांचा सपाट गाभा आणि बाजूंना लोंबणाऱ्या साखळ्या, अशी त्यांची ठेवण. हे रेणू एकावर एक चढून गठ्ठे करतात. रेझिन त्या गठ्ठ्यांभोवती राहून त्यांना तेलात तरंगतं ठेवतं. रेझिन कमी पडलं की अॅस्फाल्टीन खाली बसतं, पाइप तुंबतात, भट्टीच्या नळ्यांवर थर धरतो. अॅस्फाल्टीनमध्ये व्हॅनेडियम आणि निकेलही असतात. यांतले काही अणू पोर्फिरिन नावाच्या रेणूंत अडकलेले असतात. पोर्फिरिन मूळचं प्राचीन वनस्पतींच्या हरितद्रव्यातलं, हे जर्मन रसायनज्ञ ट्राइब्स यांनी १९३०च्या दशकात दाखवलं.

राळेचं पुढे काय करायचं हा हायड्रोजनचा हिशोब आहे. पेट्रोलमध्ये कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे साधारण दोन असतात, अॅस्फाल्टीनमध्ये एकाहून किंचित जास्त. राळेचं इंधन करायचं तर बाहेरून हायड्रोजन घाला, नाहीतर कार्बन काढून टाका. रिफायनरीतल्या कोकर नावाच्या संयंत्रात दुसरा मार्ग घेतात. ५०० अंशांच्या आसपास अॅस्फाल्टीनच्या बाजूच्या साखळ्या तुटतात आणि हलकं तेल म्हणून निघून जातात. उघडे पडलेले गाभे एकमेकांना जोडले जाऊन कोक बनतो. जामनगरच्या रिफायनरीत हे फार मोठ्या प्रमाणावर चालतं. रस्त्याच्या दृष्टीने हा मार्ग तोट्याचा, कारण राळेचा कोक झाला की डांबर उरत नाही.

डांबर करायचं तर राळ फोडायची नाही, तिला कस आणायचा. राळ पातळ असेल तर २३० ते २८० अंशांना तिच्यातून हवेचे बुडबुडे सोडतात. हवेतला ऑक्सिजन मुख्यतः रेणूंचा हायड्रोजन ओढून घेतो आणि पाण्याची वाफ होऊन निघून जातो. मागे राहिलेले रेणू एकमेकांना जोडले जातात, रेझिनचं अॅस्फाल्टीन होतं आणि माल घट्ट होतो. हवा जास्त दिली की डांबर छताच्या वॉटरप्रूफिंगला चालतं, रस्त्याला फार कडक होतं. कुठे थांबायचं, यातच कारागिरी आहे.

थांबायची जागा चाचणीतून कळते. २५ अंशांच्या नमुन्यावर १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंद सोडतात आणि ती किती आत गेली ते मिलिमीटरच्या दशांशात मोजतात. पूर्वी याच मोजमापावर प्रती ठरत. २००६ पासून भारतीय मानकाने ६० अंशांवरची घट्टी प्रमाण मानली, कारण आपला रस्ता उन्हाळ्यात तेवढा तापतो. आपल्याकडे सर्रास वापरतात ते व्हीजी-३० प्रतीचं डांबर. त्याची घट्टी किमान २४०० पॉइज हवी.

इतकं जपून केलेलं डांबर हॉटमिक्स प्लांटवर काही मिनिटांत बिघडू शकतं. तिथे गरम खडीवर त्याचा पातळ थर बसतो आणि त्याला साधारण १५० ते १६५ अंशांना हवा लागते. म्हणजे रिफायनरीतलीच क्रिया पुन्हा, आणि फार वेगाने. ताडपत्री काढल्यावर ट्रकमधल्या मालातून निळसर धूर निघत असेल, तर डांबर करपलंय. खडी तपकिरी, निस्तेज दिसत असेल, तर माल थंड आहे किंवा डांबर कमी पडलंय. चांगला माल काळाभोर, तकतकीत दिसतो. रस्त्याचं काम चालू असताना गावकऱ्यांनी एवढं बघितलं, तरी पुष्कळ काही हाती लागतं.

रस्ता झाल्यावर ऊन आणि हवा तेच काम सावकाश करतात. सुगंधी तेलाचा वाटा घटत जातो, अॅस्फाल्टीन वाढतं, डांबर ठिसूळ होऊन भेगा पडतात. भेगांतून पावसाचं पाणी खाली काळ्या मातीत उतरतं, माती फुगते आणि खड्डा होतो. म्हणून भेगा बारीक असतानाच सीलकोट देणं आणि बाजूच्या नाल्या साफ करणं हा वेळेवरचा स्वस्त उपाय आहे.

आणि जुनं डांबर संपलेलं नसतं. त्याला कमी पडलेलं सुगंधी तेल पुन्हा दिलं की ते बऱ्याच अंशी पूर्ववत होतं. रस्ता खरवडून निघालेला माल नव्या मालात मिसळण्याची पद्धत इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये लिहून दिली आहे. तरीही गावोगावी रस्ता उखडला की जुने तुकडे कडेला लोटून देतात. कच्चं तेल परक्या चलनात येतं, खडीसाठी टेकड्या फुटतात. म्हणून जुन्या तुकड्यांचा तो ढिगारा कामाच्या अंदाजपत्रकात माल म्हणून धरला पाहिजे, आणि तशी मागणी ग्रामसभेने करायला हरकत नाही.