रंगाआधी पत्रा पाहा!

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्तीत घरोघरी रंग काढायची लगबग सुरू होते. आम्हीही दरसाल भिंत रंगवायचो आणि जुलैत बाबासाहेबांच्या तसबिरीमागे पुन्हा ओल यायची. दोष रंगाचा नव्हताच. पत्र्याच्या खिळ्याखालचा वायसर झिजला होता. रंगाच्या डब्यापुढे वायसरची किंमत ती काय!

भर उन्हात दारे-खिडक्या लावून वर पाहावे. उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खूण करावी. वायसर बदलावा, बारीक भोकाला डांबरपट्टी लावावी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर मात्र बंधूंनी थेट पाय देऊ नये. पत्रा फुटून माणूस खाली येतो. वाशांवर टेकेल अशी फळी टाकावी. असा पत्रा घासू नये, कापू नये. त्यातील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक.

भिंत पुरती वाळल्यावरच रंग. यंदा जयंतीला आमची भिंत जुनीच होती. पाहुण्यांना कारण सांगितले.