पाणी गेलं, कळा नाहीत

सातवा-आठवा महिना, कळांचा पत्ता नाही आणि अंगावरून पाणी जायला लागलं, की घरातल्या सासूपासून ड्यूटीवरच्या नर्सपर्यंत सगळ्यांना एकच वाटतं: आता बाळंतपण उरकून टाकावं. पाणमोट फुटली की जंतूंना वाट मोकळी होते, हे खरंच आहे. शंभर गरोदरपणांत दोन-तीनदा दिवस भरण्याआधी असं घडतं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यातूनच होतात. तरीही ताप नाही, रक्तस्राव नाही, बाळाचे ठोके ठीक आहेत आणि 34 आठवडे व्हायचे आहेत, अशा बाईसाठी थांबणं हाच बहुधा चांगला उपचार ठरतो. फक्त तो उपचार आहे, नुसतं पडून राहणं नव्हे. दर काही तासांनी ताप आणि नाडी, पॅडवरच्या पाण्याचा रंग आणि वास, बाळाचे ठोके हे सगळं कुणीतरी पाहायचं असतं. आणि विनाकारण बोटांनी आतली तपासणी टाळायची असते, कारण तिनंच जंतू वर चढतात.

34 आठवडे उलटल्यावर तरी घाई करावी ना? 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका चाचणीत 34 ते 37 आठवड्यांत पाणी गेलेल्या 1839 बायका होत्या. लगेच प्रसूती करून बाळांमधला जंतुसंसर्ग काही घटला नाही. उलट श्वासाचा त्रास आणि सिझर दोन्ही वाढले. थांबलेल्या आयांना मात्र रक्तस्राव आणि ताप अधिक झाला, म्हणजे थांबणं फुकटचं नाही. औषधांतही जास्त ते चांगलं असा हिशेब चालत नाही. 2001 च्या ‘ओरॅकल’ चाचणीत एरिथ्रोमायसिननं बाळांना फायदा झाला, पण को-अमॉक्सिक्लॅव दिलेल्या गटात आतड्यांचा गंभीर आजार वाढलेला दिसला.

थांबावं या मताविरुद्धचा सगळ्यात जड पुरावा बेळगावचा आहे. तिथल्या सविता हलप्पनवार ऑक्टोबर 2012 मध्ये आयर्लंडच्या गॉलवेत 17 व्या आठवड्यात रुग्णालयात दाखल झाल्या. पाणमोट फुटली, गर्भपाताची विनंती बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून नाकारली गेली आणि 28 ऑक्टोबरला रक्तातल्या जंतुसंसर्गानं त्या गेल्या. मग थांबणं घातकच नव्हे का? पण 17 व्या आठवड्यात बाळ जगण्याची आशा जवळजवळ नव्हती. थांबून मिळायचं काहीच नव्हतं आणि धोका सगळा आईच्या वाट्याला. शिवाय त्यांच्या प्रकृतीवर पुरेशी नजर ठेवली गेली नाही, असं चौकशी अहवालातच म्हटलं आहे. 17 आणि 30 आठवड्यांना एकच नियम लावणं हा वैद्यकाचा नव्हे, आयर्लंडच्या तेव्हाच्या कायद्याचा हट्ट होता.

राहिला प्रश्न छत्तीसगडमधल्या भिलाईसारख्या ठिकाणी थांबणं जमेल का, याचा. सेक्टर 9 चं पोलाद कारखान्याचं रुग्णालय शहरातच, आणि जी. ई. रोडनं टाटीबंधला गेलं की रायपूरचं एम्स. इथल्या बाईला थांबणं परवडतं. त्याच दुर्ग जिल्ह्यातल्या पाटण किंवा धमधा तालुक्यातल्या बाईचं काय? तिला गावातच बाळाची फुप्फुसं पिकवणारं स्टिरॉइड द्यावं, म्हणजे भागलं, हा मोहक तोडगा आहे. पण नागपूर आणि बेळगाव ही केंद्रं असलेल्या सहा देशांच्या चाचणीत अशी इंजेक्शनं गावपातळीपर्यंत वाढवल्यावर नवजात मृत्यू घटण्याऐवजी एकूणात वाढले. याउलट 2020 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत, जिथं दिवस सोनोग्राफीनं मोजले होते आणि बाळाची देखभाल करणारं रुग्णालय होतं, तिथं नवजात मृत्यू शंभरी 23.5 वरून 19.6 वर आले. स्टिरॉइड दोन्हीकडे तेच, डेक्सामेथासोन. फरक होता तो तारखांचा आणि रुग्णालयाचा. म्हणून धमध्याच्या मितानिनकडून, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीकडून, अपेक्षा ठेवायची ती सुई टोचण्याची नाही. पाणी जातंय असं कळताच कळांची वाट न पाहता 102 ची महतारी एक्सप्रेस रुग्णवाहिका बोलवावी आणि पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा कागद बाईच्या पिशवीत आहे ना, ते बघावं. तो कागद नसेल तर 31 आठवडे की 35, हे दुर्गच्या डॉक्टरांनाही अंदाजानंच ठरवावं लागतं.