लोकसंख्या शून्य, तरी गाव आहे!

ज्या गावात एकही माणूस राहत नाही, त्या गावाला सरपंच कशाला हवा? फ्रान्समधल्या फ्लरी-दवाँ-दुओमों या गावाबद्दल वाचलं, तेव्हा मला हाच प्रश्न पडला.

फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपल्या ग्रामपंचायत-नगरपालिकेसारखं सर्वांत खालचं एकक. व्हर्डन शहराजवळच्या टेकड्यांवरचं फ्लरी त्यातलंच एक. १९१३ साली इथे ४२२ माणसं होती. शेती करायची, जंगलात लाकूडकाम करायची. फेब्रुवारी १९१६ मध्ये व्हर्डनची लढाई पेटली आणि हाती लागेल ते घेऊन सगळ्यांना घर सोडावं लागलं. त्या उन्हाळ्यात गाव सोळा वेळा या सैन्याकडून त्या सैन्याकडे गेलं. शेवटी एक भिंतसुद्धा उभी राहिली नाही.

लोकांना परत यायचं होतं हो! पण जमिनीत न फुटलेले तोफगोळे, विषारी वायू आणि कितीतरी सैनिकांची प्रेतं. सरकारनं तिथे शेती, घरबांधणी बंद केली. पुढे त्यावर जंगल लावलं.

पण गावाचं नाव मात्र पुसलं नाही. 'फ्रान्ससाठी मृत्यू' हा सैनिकांना मिळणारा मान अशा नऊ गावांना मिळाला. त्यातल्या सहा गावांत आजही वस्ती शून्य आहे, आणि फ्लरी त्यातलंच. तरी त्यांना मेयर आहे. मतदारच नाहीत, मग निवडणूक कसली? जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, त्याची नेमणूक करतो.

मला वाटतं, हे आपल्या बायकांना पटकन कळेल. माझ्या बचत गटातल्या साठीच्या बाईला 'गाव कुठलं?' विचारलं, तर ती आधी माहेरचंच नाव सांगते. रेशनकार्डावर ते नसतं, म्हणून काय झालं?

फ्लरीत आता गवतानं झाकलेले खड्डेच खड्डे आहेत. त्यांच्यामधून पायवाटा काढल्यात आणि जागोजागी छोट्या खुणा लावल्यात : इथे शाळा होती, इथे लोहार, इथे बेकरी, इथे कपडे धुण्याची जागा. सगळ्यांत जास्त मला ती धुण्याची जागाच डोळ्यांसमोर येते. गावातल्या किती गोष्टी तिथे बोलल्या गेल्या असतील! गावाच्या जागी एक लहान चर्च बांधलंय. जुन्या गावकऱ्यांची नातवंडं-पतवंडं दरवर्षी तिथे जमतात. त्यांच्यापैकी कुणीच ते गाव पाहिलेलं नाही.