कोडची शिस्त, नोंदीची अमानत

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा. आपल्या जिल्ह्याच्या या सहाही तालुक्यांत आज अशी घरे आहेत, जिथली मुलगी किंवा मुलगा संगणक शिकतो, पुण्या-नागपुरात नोकरी करतो किंवा घरीच लॅपटॉपवर सॉफ्टवेअरचे काम करतो. ही मुले फोनवर तासभर वाद घालतात आणि वादाचा विषय काय, तर ओळ किती जागा सोडून सुरू करायची! घरच्यांना हसू येणे साहजिक आहे. पण हा वाद वाटतो तितका क्षुल्लक नाही.

आपल्या जिल्ह्याचेच नाव घ्या. कुणी ‘वाशिम’ लिहितो, कुणी ‘वाशीम’. इंग्रजांच्या कागदांत ते ‘बासिम’ होते. माणसाला तिन्ही एकच वाटतात, संगणकाला तीन वेगळी गावे वाटतात. ‘शेख’ हे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या स्पेलिंगने आले की किती चकरा माराव्या लागतात, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. कोणते स्पेलिंग बरोबर, हा तिथे प्रश्नच नसतो. सगळीकडे एकच असावे, एवढेच हवे असते.

कोडचेही तसेच आहे. बहुतेक संगणकभाषांत मोकळ्या जागेला यंत्र काही अर्थ देत नाही, पण वाचणारा माणूस देतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ आत सरकवून लिहिलेली असल्यामुळे ती वरच्या अटीखालीच आहे, असे डोळ्यांना वाटे. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती अटीबाहेर होती, आणि तिच्यामुळे पुढची महत्त्वाची तपासणी होतच नव्हती. कोडची मांडणी आपोआप नीट करणारे साधन चालवले असते, तर ती ओळ डावीकडे सरकून उघडी पडली असती.

मग नियम कोणता धरावा? लिनक्सच्या गाभ्याचा कोड आठ अक्षरांच्या टॅबने लिहितात. पायथॉनच्या २००१ च्या नियमावलीत चार मोकळ्या जागा सांगितल्या आहेत. गो भाषेने तर भाषेबरोबरच मांडणीचे साधन देऊन वादच मिटवला. तिघांचेही काम उत्तम चालले आहे. म्हणजे आठ की चार, यात कुणाचा विजय नाही. सर्वांनी एकच धरणे, यात सर्वांचा फायदा आहे. मराठीतही हेच घडले. साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. वाद आजही होतात, पण पाठ्यपुस्तके त्यामुळेच एका रीतीने छापली जातात.

आपल्या इतिहासातला दाखला याहून मोठा आहे. कुरआनच्या पठणात मतभेद होऊ लागल्याचे हजरत हुजैफा (रजि.) यांनी हजरत उस्मान (रजि.) यांच्या कानावर घातले. त्यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) आणि तीन कुरैशी सहाबींवर प्रती तयार करण्याचे काम सोपवले. मतभेद झाल्यास कुरैशच्या बोलीप्रमाणे लिहावे, हा नियम त्यांनी काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवला. कोडची अल्लाहच्या कलामाशी तुलना होऊच शकत नाही. पण निर्णय कसा करायचा हे आधी ठरवावे आणि मग लिहायला बसावे, हा धडा प्रत्येक सामूहिक कामाला लागू आहे.

दुसरी गोष्ट नोंदीची. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवलेले गिट हे साधन आज जवळपास सर्वत्र वापरतात. कोडमधला प्रत्येक बदल त्यात नाव, वेळ आणि संदेशासह जमा होतो. त्याला कमिट म्हणतात. पुष्कळ जण संदेशात फक्त ‘बदल केला’ असे लिहून मोकळे होतात. वर्षभराने तो बदल का केला, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. सूरह अल-बकरहची २८२ वी आयत कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, अशी तिची शिकवण आहे. लिनक्सच्या कामातही २००४ पासून बदलाखाली जबाबदारी घेणाऱ्याच्या नावाची ओळ लिहितात.

आपल्या मुलांना आम्ही एवढेच सुचवू. चार जणांनी मिळून काम सुरू केले की पहिल्याच दिवशी सल्लामसलत करून एका पानावर नियम लिहा. गावांची आणि माणसांची नावे कशी लिहायची, हेही त्यातच ठरवा. मांडणीचे काम साधनावर सोपवा. यंत्राने चूक दाखवली तर कुणाचा अपमान होत नाही. जुन्या कोडची मांडणी बदलायची असेल तर ती वेगळ्या कमिटमध्ये करा. नाहीतर चारशे ओळी हललेल्या दिसतात आणि त्यांतली खरी बदललेली एक ओळ कुणाच्या नजरेस पडत नाही. संदेशाची पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत आटोपा. खाली बदलाचे कारण लिहा. संदेश कोणत्या भाषेत लिहायचे हेही एकदाच ठरवा, म्हणजे नव्याने आलेली मुलगी बुजणार नाही.

आपले मत मान्य झाले नाही, तरी ठरलेला नियम पाळणे ही खरी कसोटी. नमाजच्या सफेत आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो, तेव्हा पुढे कोण आणि मागे कोण, यावर भांडत नाही; सफ सरळ करतो. आज लिहिलेला कोड उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार आहे. ती त्याची अमानत आहे, आणि अमानत नीट लावून, नोंद करून सोपवायची असते.