डोंगर दोन, नाव एक

बर्फाची बाराखडी : भाग ६

मागच्या भागात स्कीवर उभं कसं राहायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थांबायचं कसं, ते पाहिलं. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर एकच होता : ‘ते कळलं हो, पण जायचं कुठे आणि ठरवायचं कसं? आम्ही तो डोंगर पाहिलेलाही नाही.’ देशातल्या देशात जायचं तर मराठी माणसाच्या तोंडी पहिलं नाव गुलमर्गचं येतं. तेव्हा आज गुलमर्ग. मात्र अनोळखी डोंगराला कोणते प्रश्न विचारायचे, हे एकदा इथे कळलं की उद्या औलीला किंवा आल्प्सला जाताना तेच प्रश्न उपयोगी पडतील.

गुलमर्ग पाहून आलेला एक तरी माणूस प्रत्येक इमारतीत सापडतो. भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट, मागे गोंडोला म्हणजे केबलकार असा फोटो त्याच्याकडे असतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, अंधार पडायच्या आत परत. ‘तिथे स्कीइंग करून देतात,’ असं तो तुम्हाला सांगेल. ‘करून देतात’ हा शब्द त्याने अगदी नेमका वापरलेला असतो. एक जण पुढून हात धरतो, दुसरा मागून कंबर, आणि मधलं गाठोडं शंभर पावलं सरकवलं जातं. यात वाईट काही नाही, पण या माणसाच्या माहितीवर आठवडाभराचा बेत आखू नका. त्याने पाहिलेलं गुलमर्ग वेगळं आणि तुम्हाला लागणारं वेगळं.

नकाशा उघडलात की पहिला प्रश्न हा : या नावाखाली डोंगर किती? गुलमर्गमध्ये दोन आहेत. एक म्हणजे खालचं बशीसारखं विस्तीर्ण कुरण, उंची सुमारे २६५० मीटर. उन्हाळ्यात इथे गोल्फ खेळतात, हिवाळ्यात त्याच उतारांवर नवशिके पडत-उठत असतात. वर ओढून नेणाऱ्या छोट्या लिफ्ट इथेच आहेत. दुसरा म्हणजे अफरवत. गोंडोलाचा पहिला टप्पा तुम्हाला कोंगडोरीला, म्हणजे साधारण तीन हजार मीटरवर सोडतो. हा टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा थेट ३९५० मीटरच्या आसपास, अफरवतच्या खांद्यावर नेतो. तिथून खाली गुलमर्गपर्यंत तेराशे मीटरचा उतार आहे. आतकरवाडीहून सिंहगड लागोपाठ दोनदा चढल्यासारखं. फक्त इथे उतरायचं आहे, आणि तेही पायांना फळ्या बांधून.

या दोन डोंगरांच्या मधलं फारसं काही नाही, आणि मला वाटतं गुलमर्गबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. युरोपातल्या मोठ्या ठिकाणी उतारांना रंग दिलेले असतात : हिरवा अगदी सोपा, मग निळा, लाल आणि शेवटी काळा. अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा. हे रंग त्या त्या डोंगरापुरते खरे असतात. एका गावचा निळा दुसऱ्या गावचा लाल ठरू शकतो, म्हणून नव्या ठिकाणी पहिली सकाळ आपल्या पातळीच्या एक रंग खालीच काढावी. पण निदान जिना असतो, एकेक पायरी चढता येते. गुलमर्गला मधल्या पायऱ्या कमी. कोंगडोरीच्या आसपास आणि तिथून झाडांमधून खाली येणाऱ्या वाटेवर मध्यम तयारीच्या माणसाला खेळायला जागा आहे, तेवढीच. अफरवतचा बहुतेक भाग यंत्राने न दाबलेला, खोल भुसभुशीत बर्फाचा आहे. जगभरचे पट्टीचे स्कीयर त्याच्यासाठीच येतात. नवशिक्याने तिथे गोंडोलातून जावं, फोटो काढावा, गोंडोलातूनच खाली यावं.

म्हणजे पहिल्यांदा शिकायला जाणाऱ्याला लागतं ते फक्त कुरण आणि एक चांगला शिक्षक. ज्या दुसऱ्या टप्प्याच्या तिकिटासाठी लोक जीव टाकतात, ते त्याने काढलं नाही तरी काही अडत नाही. हे लक्षात आलं की बेताची निम्मी धांदल संपते.

आता तारखा. आपल्याकडे सुट्टी नाताळची, म्हणून तिकिटंही नाताळची. नेमकी हीच चूक. तेव्हा दर चढलेले असतात, गर्दी शिगेला असते आणि बर्फाचा पाया अनेकदा भरलेला नसतो. बर्फ एकदा पडून भागत नाही. थरावर थर बसून खालचे दगड आणि झुडपं गाडली गेली पाहिजेत. काश्मिरी लोकांची थंडीची स्वतःची दिनदर्शिका आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान, मग वीस दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. मोठा, धाकटा आणि बाळ. मोठ्याच्या दिवसांत पडलेला बर्फ टिकतो, असं तिथले म्हातारे सांगतात. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठ्याचा उत्तरार्ध ते धाकट्याचा शेवट हा काळ धरावा, म्हणजे जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. मुलांची शाळा बुडेल. बुडू द्या.

तरीही हमी नाही. इथला बर्फ पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो. भूमध्य समुद्राकडून निघालेल्या या प्रणाली इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि पीर पंजालच्या रांगेवर चढताना बर्फ सोडतात. त्या आल्याच नाहीत तर? २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं कुरण बराच काळ तपकिरी होतं. महिनाअखेरीस बर्फ आला आणि २१ फेब्रुवारीला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथेच सुरू झाल्या. पुढच्या वर्षी उलटं घडलं. २२ फेब्रुवारी २०२५ ला सुरू व्हायच्या स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलल्या आणि ९ मार्चला भरवाव्या लागल्या. सरकारी स्पर्धेची ही गत, तिथे आपण कोण? मुक्कामाचं आरक्षण तारीख बदलता येईल असंच करावं, दोन पैसे जास्त गेले तरी.

बर्फ आला की तो शिस्तीत येत नाही, हेही धरून चला. दोन-तीन दिवस वादळ, मग लख्ख ऊन, मग पुन्हा वादळ. वादळात आणि जोराच्या वाऱ्यात गोंडोलाचा वरचा टप्पा बंद असतो. ऊन पडलं तरी लगेच उघडत नाही, कारण नवा बर्फ सैल असतो आणि कोसळण्याचा धोका असतो. म्हणून परदेशी पट्टीचे लोक दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकून बसतात. चार दिवसांसाठी अफरवतला जाणं म्हणजे जुगार. नवशिक्याची मात्र इथे चंगळ आहे. वरचा टप्पा बंद असताना कुरणावरचे वर्ग बहुधा चालू असतात, आणि पडण्यासाठी ताज्या बर्फासारखी गादी नाही. त्याने सहा-सात रात्री धराव्यात. पहिले दोन दिवस अंग दुखेल, तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल आणि चौथ्या दिवशी अचानक वळता येईल. जे तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसतात, त्यांच्याबद्दल मला फार वाईट वाटतं.

जुन्या माहितीपासून सावध राहा. औलीबद्दल अजूनही लोक सांगतात, जोशीमठहून रोपवेने वर जा. जोशीमठची जमीन खचली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, तो रोपवे बंद झाला. म्हणून कोणत्याही ठिकाणी फोन करून ‘लिफ्ट आहे का’ असं विचारू नका. ‘या हंगामात कोणकोणत्या लिफ्ट चालू आहेत’ असं विचारा. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला पर्यटकांवर जो हल्ला झाला त्यानंतर घरचे सुरक्षेचं विचारणारच. जाण्याच्या आठवड्यातली प्रशासनाची सूचना पाहा, शेजाऱ्याचं मत नको.

पोहोचण्याचं थोडक्यात. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. त्यातले टंगमर्गनंतरचे शेवटचे तेरा किलोमीटर चढाचे. बर्फ पडला की तुमची गाडी टंगमर्गला थांबते आणि चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीत सामान हलवावं लागतं. त्या गाडीचा खर्च आणि वेळ आधीच धरा, म्हणजे तिथे हुज्जत घालावी लागत नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. हॉटेल निवडताना खिडकीतून काय दिसतं यापेक्षा लिफ्टपर्यंत चालत किती वेळ लागतो ते विचारा. स्कीचे बूट घालून, खांद्यावर फळ्या घेऊन पाचशे मीटर चालणं काय असतं, ते एकदा चाललं की कळतं. खोलीत रात्रभर ऊब कशाची, तेही विचारा. बुखारी म्हणजे लाकडाची शेगडी असेल तर ती पहाटे विझते.

उंचीचं काय? कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे गुलमर्गचा तळच आपल्या सगळ्यात उंच शिखरापेक्षा हजार मीटर वर आहे. तळावर बहुतेकांना काही होत नाही, थोडा दम लागतो, झोप उडते. गोंडोलाच्या टोकावर मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्के उरतो. पहिल्याच दिवशी वर जाऊ नका, डोकं ठणकू लागलं तर खाली या. ऊन कमी लेखू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग उलट फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही मलम लावावं लागतं. हे मला नाक सोलवटल्यावर समजलं.

आता सामान. विकत काहीही घेऊ नका, तिथे भाड्याने मिळतं. पण भाड्याच्या दुकानात घाई केलीत तर आठवडा गेला. पहिल्या खेपेला मी थंडीच्या भीतीने दोन जाड मोजे घालून बूट मापून घेतले. तासाभरात पाय बधिर. एकच पातळ, लांब मोजा हवा. दोन मोजे रक्ताभिसरण आवळतात आणि पाय जास्त गारठतात. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर जरा मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे.

मग दुकानदाराने विचारलं, ‘जनाब, पहले किया है?’ मित्र बाजूला उभा होता, म्हणून मी छाती काढून ‘हां, थोड़ा-बहुत’ म्हणालो. ही थाप महागात पडते. बूट फळीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा ताण तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची तयारी पाहून लावतात. नवशिक्याचा ताण कमी ठेवतात, म्हणजे पडताना फळी चटकन सुटते आणि गुडघा वाचतो. तयारीबद्दल खोटं बोललात तर फळी पायालाच राहते. माझा गुडघा नशिबाने वाचला. तुम्ही खरं सांगा. अशा दुकानांतल्या माणसांना फळ्या जन्मापासून ठाऊक असतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटाच खेळाडू होता, आरिफ खान. तो याच परिसरातला, आणि त्याच्या वडिलांचं गुलमर्गात स्कीच्या सामानाचं दुकान.

शिकण्यासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची संस्था गुलमर्गमध्ये आहे, तिच्या वर्गांच्या तारखा हंगामाआधी पाहून ठेवा. खाजगी शिक्षक घेतलात तर एकच माणूस आठवडाभर ठरवा. रोज नवा माणूस घेतलात तर रोज तोच पहिला धडा होतो.

हिमस्खलनाबद्दल पुढे एक स्वतंत्र भाग येणार आहे, पण बेत आखताना एवढं हवंच. फेब्रुवारी २०१० मध्ये इथल्या लष्करी प्रशिक्षण संस्थेचे सतरा जवान हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवर दोन पोलिश स्कीयर, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. बर्फ बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतो, म्हणजे नेमका जो उतार पट्टीच्या स्कीयरला मोहात पाडतो. गोंडोलाजवळच्या ठराविक भागावर गस्तीपथकाची देखरेख असते, त्यापलीकडे नाही. गाडला गेलेला माणूस वाचायचा तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, म्हणजे सोबत्यांनीच उकरून काढला तर. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेशयंत्र, पाठीवर फावडं आणि शोधकाठी हवी, आणि ती वापरण्याचा सराव हवा. हे नसताना कोणी ‘चलो, ऊपर का पाउडर दिखाता हूँ’ म्हणालं, तर नको म्हणा. तुमच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात. बारीक अक्षरं वाचा, आणि देखरेखीबाहेरच्या उतारांचा वेगळा उल्लेख आहे का ते बघा.

शेवटचं, परतीचं तिकीट. गुलमर्गहून थेट विमानतळ गाठायचा बेत करू नका. बर्फात रस्ता अडतो, धुक्यात विमान रद्द होतं. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्यामुळे आता निदान एक दुसरी वाट आहे. तरी एक रात्र श्रीनगरची राखून ठेवाच. सगळं वेळेवर झालं आणि तुम्ही मटण खात असाल, तर दुसऱ्या दिवशी उजाडताच जुन्या शहरात हरिसा खायला जा. रात्रभर शिजलेलं ते भांडं सकाळी उशिरा गेलात तर रिकामं झालेलं असतं.