जिप्सीचं स्टीअरिंग ढिलं? आधी रबर बघा

1985 पासून आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या मारुती जिप्सीत स्टीअरिंगचा दांडा आणि स्टीअरिंग बॉक्स यांच्यामध्ये रबराची जाड चकती असते. हेच कपलिंग. रस्त्याचे हादरे ते हातापर्यंत पोचू देत नाही. इंजिनची धग आणि तेल खाऊन रबर भेगाळतं, बोल्टची भोकं लांबट होतात आणि स्टीअरिंग बोटभर फिरवलं तरी चाकं ढिम्म!

तपासायला दोघं हवेत. एकानं स्टीअरिंग किंचित डावं-उजवं करावं, दुसऱ्यानं बॉनेट उघडून टॉर्च मारावा. चकतीची वरची बाजू हलते, खालची जागीच राहते? मग दोष कपलिंगचाच. बॉक्समध्ये शिरणारा खालचा दांडा फिरतोय, पण बॉक्समधून निघालेला आर्म हलत नाही, तर रोख बॉक्सकडे.

बदलताना चाकं सरळ ठेवा, स्टीअरिंग दोरीनं बांधा आणि दोन्ही दांड्यांवर रंगाची खूण करा. खूण चुकली की स्टीअरिंग वाकडं बसलंच म्हणून समजा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. कपलिंगला दांड्यावर घट्ट धरणाऱ्या आवळपट्टीचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. तो दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण काढावा लागतो. नट मात्र नवे, आपोआप न सुटणारेच घ्या. इथे काटकसर अजिबात नको, हा सांधा निखळला तर गाडी हाताबाहेर जाते.

जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्येही असंच कपलिंग असतं; तिथे या रबरावरून हॉर्नची अर्थिंगची तार जाते. ती जोडायची राहिली, तर हॉर्न मुका!